ऐरोलीचा एल-वन

ऐरोलीच्या माइंडस्पेसमध्ये किंवा महाप्याच्या मिलेनियम बिझनेस पार्कात रात्रपाळीची मंडळी कॅबमधून उतरतात, त्यांत एल-वन चटकन ओळखू येतो. बाकीचे मोबाइलकडे बघत असतात. हा मोबाइलकडे संशयाने बघत असतो. मावसबहिणीची लग्नपत्रिका व्हॉट्सॲपवर आली, तरी तो आधी फाइलचं एक्स्टेन्शन तपासतो, मग मुहूर्त. हुद्दा सॉक (सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर) ॲनालिस्ट, पायरी पहिली, म्हणजे लेव्हल वन. काम म्हणजे क्लायंटच्या नेटवर्कवरचे अलर्ट रात्रभर बघणं. एकच साहेब दहा मिनिटांत तुर्भ्याहून आणि फ्रँकफर्टहून लॉगिन झाले, की ‘इम्पॉसिबल ट्रॅव्हल’चा अलर्ट येतो. संध्याकाळच्या ठाणे-बेलापूर रोडवर दहा मिनिटांत तुर्भ्याहून घणसोलीसुद्धा येत नाही, हे एल-वन जाणून असतो. पण साहेबांचं व्हीपीएन चालू राहिलं असणार, हेही जाणून असतो. ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ असा शेरा मारून तो तिकीट बंद करतो आणि पुढचं उघडतो.

आता त्याच्या स्क्रीनवर एआय येऊन बसलं आहे. मायक्रोसॉफ्टने एप्रिल 2024 मध्ये सिक्युरिटी कोपायलट सर्वांसाठी खुला केला. इतरांचीही अशी साधनं आहेत. यंत्र लॉग वाचतं, सारांश काढतं, अहवाल लिहितं. त्यामुळे एल-वनचं इंग्रजी एका रात्रीत सुधारलं. पूर्वी तो ‘यूजर ओके, क्लोजिंग’ एवढंच लिहायचा. आता चार भारदस्त परिच्छेद लिहितो. शिफ्ट लीड ते त्याच यंत्रात घालून सारांश मागतो. उत्तर येतं : यूजर ओके. एवढी प्रगती पाहून एल-वनला आनंद होतो आणि नोकरीची धास्तीही वाटते. ती धास्ती अर्धीच खरी आहे. तिकीट बंद करणारा एल-वन जाईल, आणि जावाच. शंका घेणारा एल-वन मात्र आधीही दुर्मीळ होता, आणि यंत्र आल्याने त्याची गरज वाढली आहे.

पुरावा 2013 चा आहे. अमेरिकेतल्या ‘टार्गेट’ या दुकानसाखळीतून सुमारे 4 कोटी कार्डांचा तपशील चोरीला गेला. यंत्राने अलर्ट दिला होता. बंगळुरूच्या टीमने तो पाहून मिनियापोलिसच्या मुख्यालयाला कळवलाही होता. तिथे त्यावर कुणी हललं नाही. म्हणजे ओळखण्यात कसूर नव्हती. ‘हे खरं आहे, उठा’ असं ठणकावून सांगणारा आणि ते ऐकणारा, या दोघांची वाण होती. यावर कुणी म्हणेल, की ‘लांडगा आला’ असं हजारदा ऐकून माणूस बधिर होतो, म्हणून तर गाळणीला यंत्र हवं. मान्य. पण गाळून काय टाकलं, हे कोण बघणार? यंत्र जो ईमेल तपासतं, त्यातच चोर त्या यंत्रासाठी सूचना पेरून ठेवू शकतो, आणि फसलेलं यंत्रही तितक्याच आत्मविश्वासाने अहवाल लिहितं. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते. ते घड्याळ सुरू व्हायला आधी ती कुणाच्या तरी लक्षात यावी लागते. आणि चूक झाली तर काय होतं, ते नवी मुंबईला शिकवायला नको : जून 2017 मध्ये नॉटपेट्या या मालवेअरने मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणा बंद पाडल्या, तेव्हा न्हावा-शेव्याच्या टर्मिनलवरचे कंटेनरही अडकले होते.

मॅनेजरचा आक्षेप हिशेबी असतो : पहिली पायरी काढू, अनुभवी एल-टू थेट बाजारातून घेऊ. पण एल-टू वाशीच्या एपीएमसीत पेटीच्या भावाने मिळत नाही. हजार खोटे अलर्ट चाळून चाळून ज्याची नजर तयार होते, त्यालाच हजारएकावा खटकतो. तेव्हा एल-वनने किती तिकिटं बंद केली, हे मोजणं सोडावं. ते यंत्र मोजून-मापून करील. पगारवाढ द्यावी ती यंत्राने बंद केलेलं तिकीट पहाटे चारला पुन्हा उघडून साहेबांची झोप मोडणाऱ्याला, आणि अलर्ट खोटा निघाला तरी द्यावी.