फुकटात विवरणपत्र

जुलै आला की कोलाडात दोन गोष्टींना जोर चढतो: कुंडलिकेतल्या राफ्टिंगला आणि फोनवरच्या आयकर अ‍ॅपांच्या जाहिरातींना. राफ्टिंगवाले निदान पैसे आधी सांगतात. अ‍ॅप 'फुकट' म्हणून बोलावतं, पॅन, फॉर्म १६, बँक खाती असं सगळं वदवून घेतं आणि शेवटच्या बटणापाशी हळूच विचारतं, 'तुम्ही शेअर विकलेत वाटतं? मग मोठा प्लॅन घ्या.'

धाटावच्या कारखान्यातला नोकरदार चिडून दुसरं अ‍ॅप उतरवतो. पुन्हा पॅन, पुन्हा ओटीपी. आकडे मात्र तेच, कारण ते येतात आयकर खात्याकडूनच. खात्याचं पोर्टल हेच काम खरोखर फुकट करतं; पण ७ जून २०२१ला ते नव्या रूपात आलं आणि इतकं अडखळलं, की ऑगस्टमध्ये ते बनवणाऱ्या इन्फोसिसच्या प्रमुखांना अर्थ मंत्रालयात बोलावून जाब विचारावा लागला. फुकटावरचा विश्वास तेव्हापासून डळमळीत आहे.

अ‍ॅप कितीही वेळा बदला, कायदा आड येत नाही. नोकरदाराला करप्रणालीही दरवर्षी बदलता येते. धंदेवाल्याने मात्र जुनीत जाऊन पुन्हा नवी धरली, की जुनीचं दार बंद.

त्यात नव्या प्रणालीत ८०सीची वजावटच नाही. तरी अ‍ॅप म्हणतं, 'जास्तीत जास्त करबचत!' बचत होते खरी, पण अ‍ॅप न घेणाऱ्याची.