खेळयंत्राला रेंज नाही

हातातील खेळयंत्र, म्हणजे पडदा आणि कळा एकाच डबीत बसवलेले व केवळ खेळण्यासाठीच घडवलेले उपकरण, कन्नडसारख्या तालुक्याच्या गावी का खपत नाही, हे शोधणाऱ्या अभ्यासकाने आधी जत्रेतील खेळण्यांच्या दुकानाकडे पाहावे. कारण ‘९९९९ खेळ’ अशी अक्षरे मिरवणारा, प्रत्यक्षात विटा रचण्याचेच थोडेफार प्रकार फिरवून दाखवणारा, पेन्सिल सेलवरचा ब्रिक गेम तेथे आधीच विकला गेला होता. सोनीचे ‘व्हिटा’ हे खेळयंत्र २०११ साली जपानमध्ये आले ते स्वतःच्याच महागड्या मेमरी कार्डाचा हट्ट धरून, आणि २०१९ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. निन्टेंडो ही कंपनी त्यामानाने शहाणी. तिने आपल्या ‘थ्रीडीएस’ या खेळयंत्राची अमेरिकेतील किंमत २०११ मध्येच, काही महिन्यांत, सुमारे २५० डॉलरवरून १७० वर आणली. भारतात मात्र सप्टेंबर २०१६ मध्ये जिओचे मोबाइल इंटरनेट आले आणि अद्रक-मक्याचे भाव पाहण्यासाठी घेतलेल्या फोनवरच खेळही फुकट उतरू लागले. पोराने तरीही वेगळ्या यंत्राचा हट्ट धरलाच, तर बाप ते हातात घेतो, उलटेपालटे करतो आणि सिमकार्ड कुठे घालायचे, एवढेच विचारतो.