आधार दिसता कामा नये

कर्जतजवळच्या कडावच्या परिसरात काही घरं आता शनिवार-रविवारपुरतीच उघडतात आणि त्यांच्या भिंतींवर लाकडी फळ्या तरंगतात. खाली ब्रॅकेट दिसता कामा नये, हा दंडक. आधार दिसला की म्हणे अभिरुची उघडी पडते.

जुन्या घरात जाड भिंतीतच कोनाडा सोडत. वजन भिंत घेई, श्रेय कुणीच घेत नसे. आता तीन फूट लांब, दहा इंच रुंद, दीड इंच जाड अस्सल सागवान आणायचं. पुस्तकं ठेवण्याआधीच ते साडेपाच किलोच्या आसपास भरतं. त्यासाठी भिंतीत बारा मिलिमीटरच्या सळ्या केमिकल अँकरने रोवायच्या, निदान चार इंच. हे चार इंच विटेत मोजायचे, गिलाव्यात नव्हे. गिलावा रंगापलीकडे काही धरत नाही. भोकातली भुकटी झटकली नाही, तर अँकर विटेला सोडून भुकटीलाच चिकटतो. हलक्या ब्लॉकांच्या भिंतीत तर साधा गट्टू पहिल्याच शब्दकोशाला शरण जातो.

त्यात इथला पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. भिंत ओल धरते, लाकूड रुंदीत फुगतं, मालक मुंबईत.

एवढ्या खटाटोपानंतर फळीवर काय? डिझायनरने निवडलेली प्लास्टिकची कुंडी आणि पुठ्ठ्याची पोकळ पुस्तकं. त्यांना चिकटपट्टीही पुरली असती.