आधी पायरी रंगवा

शहर सुंदर करायचं ठरलं की आपल्याकडे रंगाचा पहिला डबा भिंतीसाठी उघडतो. उड्डाणपुलाच्या खांबांवर मोर, शाळेच्या कुंपणावर वारली नाच, स्वच्छ सर्वेक्षण जवळ आलं की जागोजागी फुलपाखरं. चित्रांशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्याच भिंतीखालच्या पायऱ्यांवरून: पॉलिश केलेल्या, करड्या, वरपासून खालपर्यंत एकाच रंगाच्या.

सत्तरीतल्या एखाद्या बाई या पायऱ्या कशा उतरतात ते बघा. एक हात कठड्यावर, दुसऱ्यात भाजीची पिशवी. चपलेचं टोक पुढे सरकवून पायरीची कड चाचपायची, मगच पाऊल टाकायचं. मागून आवाज येतो, "आजी, जरा लवकर!" त्या ओशाळून बाजूला होतात आणि हळूहळू बाहेर पडणंच टाळू लागतात. घरचे समजतात, वयानं हौस गेली.

हौस असते, कड दिसत नसते. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळसर होतं आणि निळा प्रकाश अडवू लागतं. निळं काळपट दिसतं, निळ्या-हिरव्यातला फरक पुसट होतो. साठीच्या डोळ्यात पडद्यापर्यंत पोचणारा प्रकाश विशीच्या मानानं साधारण एक तृतीयांश उरतो. अशा डोळ्यांना पांढऱ्या टाइल्समधला पांढरा कमोड शोधावा लागतो. स्मृतिभ्रंश झालेल्याला तर दारातलं काळं पायपुसणं खड्डा वाटू शकतं, आणि तो उंबऱ्यातच थबकतो.

हिरव्यानं मन शांत होतं, पिवळ्यानं उभारी येते, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. असेलही. पण परतताना त्याच पायऱ्या उतरायच्या आहेत, हा घोर घेऊन बागेत बसलेल्याला कुठला रंग शांत करणार? म्हातारपणी एकटेपणा वाढतो, त्यातला काही आपण फरशी निवडतानाच वाढवून ठेवतो.

उपाय महाग नाही. प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा, झिजला की पुन्हा. कठडा भिंतीहून वेगळ्या रंगाचा, बाक फरसबंदीहून वेगळा. गुळगुळीत, चकाकणारी फरशी नकोच. पायरीची कड उठून दिसावी, हे केंद्राच्या २०२१ च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेलं आहे. सुशोभीकरणाच्या पुढच्या निविदेत मोराच्या आधी हा पट्टा लिहा. आणि फीत कापायला येणाऱ्यांनी सोबत घरातली आई-आजी आणावी, दिवे लागायच्या आधीच्या संधिप्रकाशात तिला त्या पायऱ्या उतरायला सांगावं आणि ती ‘ठीक आहे’ म्हणेल त्यानंतरच ठेकेदाराचं बिल काढावं.