कोटाची डावी बाजू

पदग्रहणाचा हंगाम सुरू झाला की वर्ध्यात कोट बाहेर पडतात. दोन दिवस झड लागून गेलेली, हवेत इतकी ओल की काडी पेटत नाही, आणि आर्वी नाक्यापलीकडच्या लॉनवर साठ-सत्तर बांधव टाय आवळून उभे. मे महिन्यात 46 अंशांत बनियनवर कूलरपुढे बसलेली हीच मंडळी. पण कोटाशिवाय पिन लावता येत नाही, आणि पिनेशिवाय आपला माणूस एक पायरी वर चढला हे घरच्यांनाही पटत नाही. कापूस असता तर या जमावाची गाडी यार्डातूनच परत गेली असती. सरकारी खरेदीत ओलावा 8 टक्क्यांवर गेला की भाव कापतात, 12 च्या वर गेला की घेतच नाहीत. बांधवांच्या प्रतवारीला असली अट नाही.

पायऱ्या तुम्हाला ठाऊकच आहेत. नवबांधव, सहसचिव, सचिव, दुसरा उपाध्यक्ष, पहिला उपाध्यक्ष, अध्यक्ष. अध्यक्षपद सुटलं की माणूस खाली येत नाही, माजी अध्यक्ष होऊन आणखी एक पायरी वर जातो. त्यावर विभाग, विभागावर प्रांत. दर पायरीला एक पिन. शिवाय शंभर टक्के हजेरीची वेगळी, नवे बांधव आणल्याची वेगळी, देणगीची वेगळी (ही सर्वांत चकचकीत), आणि यातलं काहीच जमलं नाही त्याला उत्तेजनार्थ. नवी मिळाली म्हणून जुनी काढायची नसते. एका ज्येष्ठ बांधवाच्या कोटाची डावी बाजू आता उजवीपेक्षा दोन बोटं खाली लोंबते. शिंप्याने आतून दुहेरी बुकरम घालून पाहिलं, उपयोग झाला नाही. शेवटी त्यांनी उजव्या खिशात पॉवर बँक ठेवायला सुरुवात केली.

शपथ मेणबत्तीच्या उजेडात होते. बाहेर लख्ख उजेड, म्हणून आधी पडदे ओढायचे, मग दिवे घालवायचे, मग मेणबत्ती लावायची, मग ती विझू नये म्हणून पंखे बंद करायचे. शपथ इंग्रजीत. कृषी केंद्रवाले, सिमेंटवाले, दोन डॉक्टर आणि एक निवृत्त प्राध्यापक उजवा हात वर करून दर वाक्यामागे ‘आय डू’ म्हणतात. माझ्या शेजारचे ‘हाव जी’ म्हणाले. त्या हॉलमध्ये कशाला होकार देतोय याची थोडीफार कल्पना असलेले ते एकटेच.

पिन स्वतःची स्वतः लावायची नाही, हा मुख्य नियम. लावणारा किमान एक पायरी वरचा हवा. म्हणून अध्यक्षाला टोचायला नागपूरहून पाहुणे येतात. सोबत त्यांच्या सौभाग्यवती. त्या अध्यक्षांच्या सौभाग्यवतींना टोचतात, पैठणीवर. पैठणीला भोक पडताना वहिनींचा चेहरा पाहावा. शपथेतला त्याग त्या समारंभात कोणी केला असेल, तर त्यांनीच.

तर या वर्षी पाहुण्यांच्या हातून पिनेमागचं टोपण निसटलं. तुरीच्या दाण्याएवढं पितळी टोपण. ते नसेल तर पिन कोटात राहत नाही आणि पिन राहत नसेल तर अध्यक्ष अध्यक्ष होत नाही. माजी अध्यक्षांनी पद सोडलेलं, नव्यांनी घेतलेलं नाही, संस्था क्षणभर अनाथ. टोपण लाल गालिच्यावर पडलं असावं असा सचिवांचा अंदाज. सचिव वाकले, पण प्रांताचे पाहुणे उभे असताना सचिवाने आधी वाकणं शिष्टाचारात बसत नाही हे कोणीतरी माइकवरून सांगितलं. मग आधी प्रांत गुडघ्यावर बसला, त्यानंतर विभाग, त्यानंतर माजी अध्यक्ष ज्येष्ठतेच्या क्रमाने, आणि सर्वांत मागे नवबांधव, ज्यांना खरं तर काही दिसत होतं, कारण तरुण होते आणि चष्मा नव्हता. एकाला टोपण सापडलंही. त्याने ते सहसचिवाला दिलं, सहसचिवाने सचिवाला, सचिवाने उपाध्यक्षांना, आणि वर चढता चढता ते विभागापाशी पुन्हा पडलं. निवेदकाने मधला वेळ भरायला पाहुण्यांचा परिचय दुसऱ्यांदा वाचला. दुसऱ्यांदाही टाळ्या पडल्या.

हे सगळं चाललं असताना भिंतीकडेला नऊ मुली उभ्या होत्या. त्यांना सायकली मिळायच्या होत्या. हिंगणीच्या पुढच्या, बोरच्या जंगलाला लागलेल्या गावांतल्या पोरी. आया निंदणाची रोजी पाडून सोबत आलेल्या. कार्डावर वेळ 4 ची. सायकलवाटप विषयपत्रिकेत अकराव्या क्रमांकावर, आभाराच्या आधी आणि घोषवाक्याच्या नंतर. पहिली सायकल साडेआठला दिली गेली आणि तिच्या हँडलला सात हात लागले, सगळे पिनवाल्यांचे. मुलीचा हात फोटोत नाही, कारण तिला मागे कॅरिअरजवळ उभं केलं होतं. गावाकडची शेवटची गाडी तोवर निघून गेली होती. एक माय विचारत होती, ‘‘आता आमी जाऊ कसे जी?’’ तर एक बांधव, देणगीची पिन असलेले, हसून म्हणाले, ‘‘सायकल भेटली ना आता!’’ 2014 साली बोर व्याघ्रप्रकल्प झाला. तिथे अंधार पडला की मोटरसायकलवाला गडी दोघंतिघं जमल्याशिवाय निघत नाही, आणि हा गृहस्थ तेरा वर्षांच्या पोरीला सायकल दाखवतो! या लोकांच्या दारची कुत्रीसुद्धा रात्री गाडीतून फिरतात. साठ-सत्तर कोट, बाहेर तितक्याच गाड्या, आणि त्यातली एक स्टार्ट करायला कोणी पुढे आलं नाही. शेवटी मांडववाल्याच्या छोट्या हत्तीत, खुर्च्यांच्या थप्प्यांमध्ये मायलेकी बसल्या आणि सायकली वर बांधल्या. मांडववाल्याच्या अंगात टी-शर्ट होता. त्याला कसलीच पिन नाही.

बांधवांना तातडीने निघायचं होतं, हेही खरं. जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी. त्यामुळे बंधुभावाचा शेवटचा विधी वर्धा नदीच्या पुलापलीकडे, अमरावती जिल्ह्यात उरकावा लागतो. त्या विधीला जायला गाड्या पुरल्या. कोणाला खुर्च्यांवर बसावं लागलं नाही.

शेवटच्या गाडीचा विषय मी नंतर अध्यक्षांच्या कानावर घातला. त्यांनी तो फार गांभीर्याने घेतला. कार्यकारिणीची खास बैठक झाली, उपसमिती बसली, आणि पुढच्या वर्षापासून ‘लाभार्थी वाहतूक संयोजक’ असं नवं पद निर्माण करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. पायरी सहसचिवाच्या वर, सचिवाच्या खाली. पिनेवर चाकाचं चिन्ह असेल, नमुना नागपूरला पाठवलाय.

गाडीचं काय, म्हणून विचारलं. ते पद भरल्यावर बघू म्हणाले.