काटकसरीची समुद्रसहल

काटकसरीची समुद्रसहल हिवाळ्यातच निघते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि मे महिन्यात वाळूवर पाय ठेववत नाही. पुणेकर कुटुंबाला अलिबाग एका दिवसात उरकता येते, म्हणजेच मुक्कामाचे पैसे वाचतात.

वाहन एसटी. येथे कुटुंबाची रचना महत्त्वाची ठरते. महिलांना २०२३पासून अर्धे तिकीट, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. पूर्ण भाडे एकट्या कर्त्या पुरुषाला पडते आणि गाडीत उभाही बहुधा तोच असतो. एरवी वय न सांगणारे आजोबा त्या दिवशी आधार कार्ड वरच्या खिशात ठेवतात. थोरल्या मुलाचे वय मात्र एसटीत बाराच्या पुढे सरकत नाही. कुलाबा किल्ल्यावर पंधरा वर्षांच्या आतल्यांना तिकीटच नसल्याने तेथे त्याला खरे वय परत मिळते.

हा किल्ला समुद्रात असून ओहोटीला चालत गाठता येतो. वेळेसाठी कोकणी गणित आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला; वेळ सोयीची, पण भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे, पाणी पुरते हटत नाही. पौर्णिमेला ते लांबवर हटते, पण पहाटे आणि पुन्हा संध्याकाळी, परतीच्या एसटीच्या सुमारास. चतुर्थीला ओहोटी नऊच्या आसपास येते, त्यामुळे जाणकार तीच निवडतात. मग ती संकष्टी असल्याचे आजींच्या लक्षात येते. किल्ल्यात गणपतीचे मंदिर असल्याने विरोध करता येत नाही.

भोजनासाठी परिसरात नातेवाईक असावा लागतो. नसल्यास हिवाळ्यापूर्वी शोधून काढतात. त्याच्या वाडीत पोपटी लावली जाते. मडक्यात भांबुर्डीचा पाला अंथरून त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा आणि जाडे मीठ घालतात, वरून पुन्हा पाला कोंबून तोंड बंद करतात आणि भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंबही पडत नाही, सारे आतल्या वाफेवर शिजते. मडके उघडताच येणाऱ्या वासापुढे हॉटेलचे जेवण फिके वाटते, हे काटकसर बाजूला ठेवूनही खरे आहे. संकष्टी असल्यास मंडळी हा वास घेत घरून आणलेली साबुदाण्याची खिचडी खातात.

पहाटे सक्तीने घातलेले स्वेटर दहानंतर कर्त्या पुरुषाच्या खांद्यावर जमा होतात. ओल्या वाळूत एवढे ओझे चालवत नाही, म्हणून घोडागाडी ठरते. भाव आजी करतात, बसतात सगळे. रात्री वहीत एसटीची बचत लाल शाईने, ठळक मांडली जाते. घोडागाडी, शहाळी आणि बर्फाचा गोळा ‘किरकोळ’ या सदरात जातात. त्या सदराची बेरीज करण्याची पद्धत नाही.