सुर्जी, सुजी, सुरजी

एका पानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी. सुर्जी, सुजी, सुरजी. पोरगं सहावीतलं, राहणार अंजनगाव सुर्जीचंच. खाली लाल शाईत शेरा: 'आळशी आहे. लक्ष नाही.' दहापैकी दोन गुण.

वही मिटून मी त्याला विचारलं, बाबू, तुमच्या गावात तह कोणता झाला? पोरगं धडाधडा बोलायला लागलं. अडगावची लढाई झाली, मग गाविलगड पडला, मग १८०३ च्या डिसेंबरात दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी इथं तह केला. एक गोष्ट सुटली नाही. हा मुलगा आळशी?

"लय हुशार हाय जी," आई म्हणाली, "पन पुस्तक धरलं का पोट दुखते त्याचं." ते पोट खरंच दुखतं. चारचौघांत अडखळायचं, मग पोरं हसणार, ही भीती पोटातच उतरते. बापानंही सातवीत शाळा सोडून पानमळा धरला होता. ही अडचण पुष्कळदा घराण्यात चालत येते. बापाला मात्र कोणी काही विचारलं नाही.

या अडचणीला अध्ययन अक्षमता म्हणतात. बुद्धी शाबूत, डोळे शाबूत. अक्षर आणि आवाज यांची सांगड घालताना मेंदूला जड जातं. इंग्रजी पुस्तकांत याची खूण म्हणून 'बी'ची 'डी' होते असं वाचून आपण मोकळे होतो. आपल्या वह्यांत ध चा घ होतो, भ चा म होतो, वेलांटी बाजू बदलते, रफार उडतो, जोडाक्षर फुटतं. ते बघायला मराठी वहीच उघडावी लागते.

आणि वऱ्हाडात आणखी एक भान हवं. पोरानं 'पानी' लिहिलं, 'मले' लिहिलं, तर तो आजार नाही की अडाणीपणा नाही. ती त्याच्या घरची बोली आहे. मेळघाटातून आलेल्या कोरकू मुलाला तर मराठीच नवी. पण तोच शब्द एका पानावर तीन वेळा तीन रूपांत येतो, महिनोन्‌महिने शिकवूनही येत राहतो, तिथं थांबून बघायला हवं. दोन्हींना एकच लाल रेघ मारणं हा मुलावर अन्याय आहे.

दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती द्यायला महाराष्ट्रानं १९९६ सालीच सुरुवात केली: जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाचे गुण न कापणं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता नावानिशी आली. प्रमाणपत्रासाठी २०१८ साली केंद्रानं जे नियम काढले, त्यांत पहिली चाचपणी शिक्षकानं करायची असं ठरलं, तीही तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा. डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ त्यानंतर. आपल्याकडे मात्र पालकांना याचं नाव कळतं ते दहावीचा फॉर्म भरताना. धावपळ करून कागद मिळवायचा, तोवर पोराची सात वर्षं 'ढ' ही हाक ऐकण्यात गेलेली असतात. वाचायला वेगळ्या रीतीनं शिकवायचं वय तेच होतं.

ज्यांना या सवलती म्हणजे फुकटचे गुण वाटतात, त्यांनी या पोराचा तोंडी धडा एकदा ऐकावा. त्याला इतिहास येतो. आपण इतिहासाच्या पेपरात त्याचा रफार तपासतो.

निघताना आईनं पत्र्याच्या पेटीतून जुन्या वह्या काढून दाखवल्या. पहिलीपासूनच्या सगळ्या, फडक्यात बांधलेल्या. तिसरीची उघडली. पहिल्याच पानावर नाव, इयत्ता आणि गाव: अंजनगाव सुजी. त्याच्याभोवती लाल गोल.